आग अडवणारा दरवाजा

डुलुथच्या बालवाडीत मुलांच्या झोपायच्या खोलीला आग अडवणारा लाकडी दरवाजा होता. आत एल्वुडची नातही झोपायची, म्हणून दरवाजाला वार्निश लावायचं काम त्याने स्वतःकडे घेतलं. चकचकीत वार्निश त्याने दुकानात परत केलं, कारण ते लगेच पेट घेतं. दरवाजा बनवणाऱ्यांना विचारून आग न पसरवणारं वार्निश आणलं, आणि दरवाजा आपोआप घट्ट मिटतो ना, हेही पुन्हा पुन्हा पाहिलं.

"बाबा, दरवाजा रंगवताय की नवरी सजवताय?" बालवाडी चालवणारी त्याची मुलगी मार्लिस हसली.

"हस खुशाल. पण आग लागली तर हा मिटलेला असेल तरच पोरं वाचतील. कधी उघडा अडकवून ठेवणार नाहीस ना?"

"तुमची शप्पथ, बाबा!"

सोमवारी तो नातीला सोडायला गेला, तर दरवाजा सताड उघडा. खाली लाकडाची पाचर ठोकलेली. एल्वुडने पाचरीकडे बोट दाखवलं.

"अहो बाबा, सारखा आपटतो, मुलं दचकून उठतात," मार्लिस म्हणाली.



"आणि काळजी करू नका, बाबा, पाचरीलाही तुमचंच वार्निश लावलंय."