गोव्याचं औषध

"दिवस गेले असताना दारू घेत होतीस का गं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि राजाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

दीड महिन्याचं पोर घेऊन ती कडोलीहून बैलगाडीनं बेळगावच्या दवाखान्यात आली होती. पोर काही केल्या अंग धरत नव्हतं. डोकं एवढंसं, हात सारखे थरथरायचे, दोन घोट दूध ओढलं की दमून जायचं. पोर जगावं म्हणून धावत आलेल्या बाईला हे असलं विचारायचं?

"मी? दारू?" तिचा आवाज चढला. "माज्या घरात थेंब यायाचा न्हाय, बाई. मालकानं यल्लम्माचा भंडारा उचलून, शपत घिऊन सोडलीया. इचारा की, हितंच हाईत."

दाराशी उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्यानं, भावकूनं, उगाच पटका सारखा केला.

"मग दुसरं काही? काढा वगैरे?"

आता सासू, बाळाबाई, पुढं सरसावली. सुनेचं आपण काय काय केलं ते सांगायची संधी ती थोडीच सोडणार! "रोज सांजंला काढा दिलाय. सुंठ, मिरी, गूळ, आन् त्यात ह्ये गोव्याचं औषध. भावकूच आणतोय लोंढ्याच्या ठेसनावनं. पोटात पोर चांगलं पोसतंय म्हणाला. अजून चालूच हाय, बगा." तिनं पिशवीतून बाटली काढली.

डॉक्टरीणबाईंनी बूच उघडून वास घेतला. "आजी, ही फेणी आहे. दारू. आईला पाजली की पोटातल्या पोरालाही पाजली."

बाळाबाईनं बाटली ओढून घेऊन नाकाला लावली. तपकिरीनं तिचं नाक कधीच कामातून गेलेलं, तिला बिचारीला कसला वास! राजाबाईला मात्र पहिल्याच घोटाला आला होता. तिनं विचारलंही होतं. 'मुळ्यांचा वास हाय, येडे,' म्हणून भावकू हसला होता. भंडारा उचललेल्या माणसावर संशय घेतला म्हणून ती स्वतःच ओशाळली होती, आणि मग सगळे महिने नाक दाबून प्यायली होती. काढ्याला लागायचं झाकणभर, तरी बाटली लगेच संपायची आणि नवी यायची. ते कोडं आत्ता, इथं उभ्या उभ्या सुटलं.

"तुमास्नी ठावं हुतं," ती भावकूला म्हणाली.

"तुज्यासाठी औषध म्हटलं, तवा आईनं घरात ठिवू दिली." त्याची नजर जमिनीवर होती. "झाकणभरानं काय व्हतंय, आसं वाटलं, राजे."

"पोर सुदारंल न्हवं, बाई?" बाळाबाईनं विचारलं.

"दूध चमच्यानं पाजा. अंग भरेल कदाचित. बाकी डोक्यानं कसं निघेल, ते आज कुणीच सांगू शकत नाही."

राजाबाईला रडूही आलं नाही. आपल्याच तोंडानं आपण पोराला काय पाजलं, एवढंच डोक्यात घुमत राहिलं. आणि ते जाणूनबुजून आणून देणारा तिथंच समोर उभा होता, घरधनी म्हणून.

बाहेर गाडीत चढायचं तर पोर कुणाकडं तरी द्यायला हवं होतं. भावकूनं सवयीनं दोन्ही हात पुढं केले. बाळाबाई गाडीच्या पलीकडच्या चाकापाशी उभी होती, पदर तोंडात कोंबून. पोराच्या जवळ यायचाही तिला धीर होत नव्हता.

राजाबाई नवऱ्याच्या पसरलेल्या हातांना वळसा घालून चाकापर्यंत गेली.

"तुमी धरा, आत्ती," ती म्हणाली.