तात्यांचा मेलबॉक्स

रणजितची बायको गेल्याचं पणदऱ्यात कळलं, ते रावजीतात्यांचा मेलबॉक्स पहिल्यांदा बंद पडला त्या दिवशी. रणजित इंदापूरहून दुरुस्तीला आला होता. तात्यांच्या बायकोनं, द्वारकाबाईंनी, सहज विचारलं, स्वरूपाला का नाही आणलंस? ती उन्हाळ्यातच गेली, तो म्हणाला. बाईंनी आत जाऊन त्याचं ताट वाढलं.

तेव्हापासून दर महिन्याला तात्यांचा फोन यायचा. त्यांच्या रोपवाटिकेच्या ऑर्डरी लिनक्सवरच्या जुन्या कॉम्प्युटरवर मेलनं येत. मेल उघडायला गेलं की परवानगी नाही, एवढंच दिसे. ऑर्डर वेळेत कळली नाही तर रोपं ट्रेमध्येच वाढून वाया जात. म्हणून रणजित त्याच दिवशी गाडी काढायचा. पैसे घेत नसे, जेवून जाई.

आज तात्या वैतागले होते. पोरगा संदेश नवा कॉम्प्युटर घ्या म्हणून मागं लागला होता. रणजित असताना नवा कशाला, असं त्यांनी त्याला सुनावलं होतं.

"माझ्याच मेलला मला परवानगी न्हाय, ही कुठली रीत?"

"घरात तरी तुमाला कोण इचारतंय?" द्वारकाबाई आतून म्हणाल्या.

रणजित हसला. मेलची फाईल तात्यांच्या नावावर आहे ना, ते त्यानं पाहिलं. वाचायची-लिहायची परवानगी परत दिली. अडकलेल्या ऑर्डरी एका दमात उतरल्या. लासुर्ण्याला उद्याच मिरचीची रोपं हवी होती. तात्यांचा चेहरा खुलला.

"लाईट जाऊन-येऊन व्हतं का रं हे?"

"तसंच म्हणा की, तात्या."

जेवायला शेवग्याची आमटी होती. रणजितच्या घरी आता आमटी होत नसे. त्यानं दोनदा वाढून घेतली.

निघताना द्वारकाबाईंनी हातात डबा दिला. "बिघडायची वाट बघू नगंस. असाच येत जा."

"काम निघतंच की, काकू," तो म्हणाला. "तुमचे लई उपकार हायेत माझ्यावर."

"उपकार तुजं," तात्या म्हणाले. "तू हायेस म्हणून धंदा चाललाय."

रणजितनं गाडी सुरू केली. दर महिन्याला तात्यांच्या मेलची परवानगी आपोआप काढून घेणारी एक ओळ त्यानंच त्या कॉम्प्युटरमध्ये लिहून ठेवली होती. ती खोडायची आजही राहिली.