अभय

आई मेलेलं, कपाळावर पांढरा डाग असलेलं हरणाचं पाडस वनरक्षकाने अभयारण्यातून घरी आणलं आणि त्याच्या बायकोने ते पोटच्या पोरीसारखं वाढवलं. आधी माणसाच्या चाहुलीनेही थरथरणारी ती पोर पुढेपुढे दारात आलेल्या कुणाच्याही मागे फिरू लागली. "मोडली की नाही हिची भीती?" बायको कौतुकाने म्हणायची. नवरा म्हणायचा, "फार लळा लावू नकोस. जंगलचा जीव आहे तो." पाडस मोठं झाल्यावर दोघांनी त्याला जंगलात सोडलं. परतताना बायको रडली, पण एक जीव जगवल्याचं समाधान होतं.

पावसाळा सरता सरता वनरक्षकाने एक शिकारी पकडून आणला. त्याच्या पोत्यातून निघालेल्या कातड्यावरचा कपाळाचा पांढरा डाग बायकोने लगेच ओळखला. तिने पुढे होऊन त्याची कॉलरच धरली.

"बंदूक नाही, फासा नाही. वाऱ्यासारखी पळणारी माझी पोर तुझ्या हाती लागलीच कशी?"

"पळालीच नाही हो ती, बाई," तो खाली बघत म्हणाला. "मला बघून आपणहून जवळ आली."



बायकोच्या हातातली त्याची कॉलर आपोआप सुटली.