दाढदुखीचा मफलर

"अहो, गाडीत हीटर चालू आहे. किती वेळ तोंड बांधून बसणार?"

सुनेत्रा मागच्या सीटवर पुटपुटली. शेजारी कमलाकर नाकापर्यंत मफलर गुंडाळून बसले होते.

"राहू दे. आईचा फोन यायची वेळ झालीये."

तिनं मांडीवरची बॅग सावरली. यतीनने आरशातून दोघांकडे बघितलं आणि नजर पुन्हा रस्त्यावर नेली. यतीन त्यांच्या मुलाचा, वरदचा मित्र, ब्रिस्टलला इंजिनीअर. सुट्टी टाकून दोघांना फिरवत होता.

"काकू, ती बॅग मागे ठेवू का? पाय तरी मोकळे होतील."

"नको रे. मांडीवरच बरी."

खरं तर ही ट्रिप मे महिन्यातली. वरदनेच आखलेली. आधी कार्डिफला त्याच्याकडे, मग लंडन, मग पॅरिस. "बाबांच्या मिशीचं वेगळं तिकीट काढावं लागेल," म्हणाला होता. सुनेत्राने आयुष्यातले पहिले स्पोर्ट्स शूज घेऊन ठेवले होते. पण निघावं लागलं मार्चमध्ये. नागपूरला सासूबाईंना सांगितलं, तिकिटं स्वस्त मिळाली. त्यांना पटलं. तिकीट स्वस्त असेल तर आपला मुलगा ऐन उन्हाळ्यात राजस्थानलाही जाईल, हे त्या ओळखून होत्या.

दिवाळीत आईंना हार्ट अटॅक येऊन गेला होता. मनाला लागेल असं काही कानावर घालू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि वरद तर त्यांच्याच मांडीवर वाढलेला. सुनेत्रा बँकेत जायची तेव्हा. तो आई-वडिलांना रविवारी फोन करायचा, आजीला रोज. म्हणून नागपूरहून निघतानाच नणंदेशी, रेखाशी ठरलं होतं. वरद या दोघांना भेटलाच नाही, हे आईंना कळता कामा नये. त्यांना फक्त मजा दाखवायची.

"एवढ्या लांब बोलावलं अन् स्वतः गायब," कमलाकर मफलरमधून म्हणाले. "ही काय पद्धत झाली?"

"त्याला काही बोलू नका."

"बोलणार नाही तर काय करू?"

यतीनने उगाचच वायपर चालू केले. पाऊस नव्हता.

पहिला व्हिडिओ कॉल झाला तेव्हाच सगळं फसता फसता राहिलं. आठवडाभर 'इथे वायफाय नाही' म्हणून ढकललं होतं. कमलाकर बाथरूममधून टॉवेलने तोंड पुसत आले आणि वाजणारा फोन सवयीने उचलून बसले. सुनेत्राने तो झडप घालून हिसकावला आणि वरदच्या खिडकीबाहेरचे सीगल दाखवायला सुरुवात केली.

"छान आहेत गं," आई म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "वरदला दे."

"मीटिंगमध्ये आहे, आई."

"बरं."

दुसऱ्या दिवशी कमलाकरांची दाढ दुखायला लागली आणि मफलर आला. आणि दुसऱ्या दिवसापासून आईंनी वरदचं नाव काढलं नाही.

"विसरते हल्ली," रेखा म्हणाली. सुनेत्राला हायसं वाटलं. मग रागही आला. विसरण्यातला होता का तो?

त्यानंतर दोघं खोटं बोलण्यात तरबेज झाली. किल्ल्यासमोर उभं राहून हसली. सीगलने कमलाकरांच्या हातातून चिप्स पळवल्या, ते साभिनय सांगितलं. इथे रस्त्यांवर जागोजागी पांढऱ्या रंगात ARAF लिहिलेलं असतं. "आई, हा अराफ कुणीतरी मोठा पुढारी दिसतो, सगळे रस्ते त्याच्याच नावाचे," कमलाकर म्हणाले. "काका, वेल्श भाषेत त्याचा अर्थ हळू चालवा," यतीन म्हणाला, तेव्हा आई पलीकडे एवढ्या हसल्या की रेखाने त्यांना पाणी दिलं. "असेच फिरा," त्या म्हणाल्या. "जेवताय ना वेळेवर? सुनेत्रा, तूसुद्धा जेव."

फोन बंद झाला की दोघं आपापल्या खिडकीतून बाहेर बघत बसायची. वरदच्या फ्रिजमधलं अर्धं राहिलेलं दही सुनेत्राला अजून टाकवलं नव्हतं.

गाडी धक्क्याशी थांबली. वारा बोचरा होता. छोट्या बोटीतला माणूस इंजिन सुरू करून थांबला होता. त्यानं टोपी काढून हातात धरली होती. यतीनने सुनेत्राला हात देऊन उतरवलं. बॅग तिनं सोडली नाही.

तेवढ्यात फोन वाजला.

"नंतर करू," कमलाकर म्हणाले.

"नाही उचलला तर घाबरतील." सुनेत्राने चेहरा पुसला, हसली आणि फोन उचलला. "आई, बघा! आज बोटीत बसणार आहोत. हे तर आत्तापासूनच घाबरलेत!"

आई हसल्या नाहीत. रेखाच्या हातातून त्यांनी फोन स्वतःकडे घेतला. पडद्यावर नुसता चष्मा आणि कपाळ दिसत होतं.

"कमू, तो मफलर काढ."

"अगं आई, दाढ..."

"काढ म्हटलं ना."

कमलाकरांनी मफलर सोडला. चाळीस वर्षं झुपकेदार मिशीखाली राहिलेला वरचा ओठ वाऱ्यात पांढरा, उघडा पडला.

"पहिल्याच व्हिडिओ कॉलला पाहिलं मी," आई म्हणाल्या. "तुझे बाबा गेले तेव्हा उतरवली होतीस, त्यानंतर आत्ताच. तुम्ही दोघं हसत होतात, म्हणून मीही हसत राहिले."

सुनेत्राने बॅग छातीशी घट्ट धरली.

"आता फोन बंद करू नकोस, पोरी. वरदच्या अस्थी सोडाल तेव्हा मलाही हात जोडायचेत."