पन्नास बिनचूक चाली

तिने सलग पन्नास चाली केल्या, त्यांतली एकही चुकीची नव्हती, आणि जिंकलेला डाव बरोबरीत सुटला.

सभागृहाबाहेरच्या बाकावर बाप मांडीवर लॅपटॉप घेऊन तो डाव पुन्हा पडताळत होता. दुकानांतले वजनकाटे तपासण्यात त्याची हयात गेली होती. ग्रॅमभराचा फरकही त्याच्या नजरेतून सुटत नसे. मुलीच्या प्रत्येक चालीपुढे पडद्यावर हिरवी खूण उमटत होती. तिच्याकडे वजीर आणि एक प्यादे, समोर नुसता वजीर. संगणकातल्या बुद्धिबळाच्या कोशाला या शेवटाची अचूक वाट ठाऊक होती, आणि सहा वर्षे रोज त्याच्यापुढे बसून मुलीलाही ती तोंडपाठ झाली होती. मात एकसष्टाव्या चालीला होती. पन्नासाव्या चालीला प्रतिस्पर्धी मुलीने घड्याळ थांबवून पंचांना बोलावले. पन्नास चालींत एकही मोहरे मारले गेले नाही, एकही प्यादे हलले नाही, तर बरोबरी मागता येते. पंचांनी ती दिली. कनिष्ठांच्या राष्ट्रीय संघातली जागा अर्ध्या गुणाने गेली. वयाच्या अटीत बसण्याचे तिचे हे शेवटचे वर्ष होते.

"शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो हा नियम," बाप म्हणाला. "तुला पन्नासपर्यंत मोजता येईना?"

"मोजायची वेळच कधी आली नाही, बाबा. पन्नासच्या पुढे जायचं नसतं तर घरी यानंच अडवलं असतं मला. एकदाही अडवलं नाही."

"म्हणजे आता खापर यंत्रावर! तुझ्यापायी दोनदा बढती नाकारली मी. सहा वर्षं मातीत घातलीस."

तिने लॅपटॉप आपल्याकडे ओढला. यंत्र चुकत नाही, पण विचारले तेवढेच सांगते. मग याला विचारले काय होते, ते ती शोधू लागली.

बऱ्याच खटपटीनंतर एक यादी उघडली. 'पन्नास चालींचा नियम धरावा' या ओळीपुढचा चौकोन रिकामा होता. तिने त्यात खूण केली आणि डाव पहिल्यापासून पुन्हा चालवला. सदतीस चालींपर्यंत सगळे तसेच राहिले. अडतिसाव्या चालीपुढची हिरवी खूण मात्र विझली. तिथे आता वेगळी चाल होती, प्यादे एक घर पुढे. या वाटेने मात चौऱ्याऐंशीव्या चालीला होती. वाट लांबची होती, पण प्यादे हलताच मोजणी पुन्हा एकपासून सुरू होत होती. इतकी वर्षे यंत्राने तिला जवळची वाट शिकवली होती. ती नियमाच्या हद्दीबाहेर संपत होती.

"ही खूण कुणी काढून टाकली होती?" तिने विचारले.

बाप बोलला तेव्हा आवाज खाली आला होता.

"अकरा वर्षांची होतीस तू. जिंकलेल्या पटावर हे 'बरोबरी' दाखवायचं."

"मग?"

"मग तू जेवायला उठायची नाहीस. म्हणून चार दिवसांपुरता नियम मी बंद केला."