लाल बटण

मी निघता निघता आईनं थांबवलं. मिक्सर बंद पडला होता. भांडं बाजूला काढून मी तो उलटा केला. बुडाला एक लाल बटण होतं. भार जास्त झाला की मिक्सर आपोआप थांबतो आणि ते दाबलं की पुन्हा सुरू होतो. मी दाबलं. मोटर घरघरली.

एवढंच? बाबांना तर ह्याच मिक्सरला तास लागायचा. कारखाना बंद पडल्यावर ते दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. मिक्सर बिघडला की मात्र उठायचे. जुना पेपर अंथरून स्क्रू ओळीनं मांडायचे, मला टॉर्च धरायला लावायचे. मिक्सर सुरू झाला की स्वतःहून चहा मागायचे.

"बाबांना हे बटण माहीतच नव्हतं?"

"ह्यांचं देव जाणे. मला माहीत होतं," आई म्हणाली. "म्हणून तर दर चार दिवसांनी सुकं खोबरं ठासून भरायचे मी."

बाजूला ठेवलेल्या भांड्याचं झाकण मी उघडलं. आजही खोबरं काठोकाठ ठासलेलं होतं.

मी पर्स पुन्हा खुंटीला अडकवली.

"जुना पेपर दे गं आई. उघडून बघावा लागेल."