उजवीकडे तीन, डावीकडे दोन

थोरल्या जावेनं सासऱ्यांच्या शर्टांना आपणहून इस्त्री करायला घेतली, तेव्हाच धाकटीच्या मनात पाल चुकचुकली होती. आज त्याचा उलगडा झाला. जीवशास्त्र शिकवण्यात हयात घालवलेल्या अप्पांनी घरात खडूनं वाटणीची रेघ मारली. उजवीकडच्या तीन खोल्या थोरल्याला, डावीकडच्या दोन धाकट्याला.

धाकटा रेघेकडे बघत राहिला. शेवटी त्याची बायकोच बोलली. "अप्पा, इस्त्री मलाही येते. आधी सांगायचंत."

थोरलीला नेमका तेव्हाच पडदा सारखा करायचं सुचलं.

अप्पांनी कपाटावरून छातीचं जुनं प्लास्टिकचं मॉडेल खाली काढलं आणि फुंकर मारून धूळ उडवली. "हे उजवं फुफ्फुस, याला तीन खंड. हे डावं, याला दोनच. का बरं?"

"डाव्याची बायको इस्त्री करत नसेल."

"शेजारी हृदय असतं. त्याला जागा करून द्यायची, म्हणून डावं लहान." अप्पांची नजर आतल्या पलंगाकडे गेली. वर्षभर सासूबाई त्यावरून उठल्या नव्हत्या. "काल तिला विचारलं, यापुढे कुणाकडे राहायचं. तिनं तुझ्या खोलीकडे बोट केलं."

धाकटीनं मॉडेल त्यांच्या हातातून घेतलं आणि उरलेली धूळ ओढणीनं पुसली. मग तिनं विचारलं, "आणि तुम्ही कुणाकडे?"

"माझं काय, मी हवा. दोन्हीकडे येऊन-जाऊन."